विल्यम मिलर: शेतकरी, कॅप्टन आणि चुकलेली तारीख

एका गावातल्या मंडळीत नव्याने रुजू झालेल्या तरुण पाळकांनी विचारलं आहे: 'प्रभूच्या आगमनाची तारीख सांगून तोंडघशी पडलेला माणूस, एवढंच मी एकोणिसाव्या शतकातल्या विल्यम मिलर या अमेरिकन उपदेशकाबद्दल ऐकत आलो. तो ढोंगी होता का? डोक्याने फिरलेला होता का? आणि तारीख टळल्यावर विश्वास सोडून मेला, हे खरं का?'

मंडळीचा इतिहास शिकवायला लागून मला सत्तावीस वर्षं झाली. दर वर्षी वर्गात मिलरचा धडा आला की कोणी ना कोणी हाच प्रश्न विचारतं, बहुतेक वेळा हसत. म्हणून शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो. नाही, तो विश्वास सोडून मेला नाही. २२ ऑक्टोबर १८४४ ही ती तारीख टळल्यावर तो पाच वर्षं जगला, आपल्याच शेतावरच्या घरात, आणि प्रभू येणार हे म्हणतच गेला. पहिल्या दोन भागांचं उत्तर मात्र सावकाश द्यावं लागेल. त्यासाठी त्याचा उपदेश बाजूला ठेवून आधी त्याचं शेत आणि त्याची पलटण बघावी लागते.

मिलरचा जन्म १५ फेब्रुवारी १७८२चा, मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डचा. बाप अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढून आलेला, आई बाप्टिस्ट उपदेशकाची मुलगी. १७८६ साली हे कुटुंब न्यूयॉर्क राज्याच्या पूर्व टोकाला, व्हरमाँटच्या सीमेलगत लो हॅम्प्टनला आलं. तेव्हा तिथे रान होतं. शंभर एकर जमीन खंडाने घेतली, खंड वर्षाला वीस बुशेल गहू, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेपाच क्विंटलच्या आसपास. आधी झाडं तोडायची, मग बुडखे काढायचे, मग पेरायचं. सोळा भावंडांत विल्यम थोरला, त्यामुळे शाळा हिवाळ्यातले तीन महिने आणि बाकी वर्ष बापाच्या हाताखाली.

पुस्तकांचं वेड मात्र होतं. मेणबत्त्यांना पैसे नव्हते. म्हणून तो पाइनच्या लाकडाच्या राळ भरलेल्या गाठी गोळा करून ठेवायचा आणि सगळे झोपले की चुलाण्यात एकेक गाठ टाकून त्या उजेडात वाचत पडायचा. एका रात्री बापाला जाग आली, उजेड दिसला. घराला आग लागली असं वाटून तो पलंगावरून उडी मारून धावत आला, तर पोरगं पालथं पडून वाचतंय. 'बिल, झोपायला गेला नाहीस तर चाबकाने फोडून काढीन!' ही गोष्ट मी वर्गात नेहमी सांगतो. खेड्यातून आलेली आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केलेली मुलं त्या क्षणी मिलरला आपला मानू लागतात, आणि मग पुढचं ऐकताना हसत नाहीत.

१८०३ साली ल्यूसी स्मिथशी लग्न झालं आणि तो सासुरवाडीकडे, व्हरमाँटमधल्या पौल्टनीला राहायला गेला. तिथे गावचं ग्रंथालय होतं. व्हॉल्तेर, ह्यूम, टॉमस पेन असं वाचता वाचता आईचा धर्म सुटला. देवाने सृष्टी केली, नियम घालून दिले आणि हात काढून घेतला, अशा मताचा तो झाला. एवढ्यावर थांबला नाही. आजोबा आणि काका दोघेही बाप्टिस्ट उपदेशक. त्यांच्या प्रार्थनेची, त्यांच्या गहिवरलेल्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून तो मित्रमंडळींना हसवायचा. आईला हे कळलं तेव्हा तिला काय वाटलं असेल याचा विचार मी करतो. गावात मात्र त्याची पत होती. तो कॉन्स्टेबल झाला, मग डेप्युटी शेरीफ, पुढे जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे गावपातळीवरचा न्यायाधीश. लोक त्याच्याकडे भांडणं घेऊन यायचे.

मग अमेरिका आणि इंग्लंड यांच्यातलं १८१२चं युद्ध आलं. आधी व्हरमाँटच्या मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या सेनेत, आणि नंतर संयुक्त संस्थानांच्या तिसाव्या पायदळ पलटणीत तो होता, आणि १८१४ साली कॅप्टन झाला. ११ सप्टेंबर १८१४ रोजी शॅम्प्लेन सरोवराच्या काठी प्लॅट्सबर्गला लढाई झाली. इंग्रजांकडे दहा हजारांहून अधिक सैन्य, त्यात युरोपात नेपोलियनशी लढून आलेल्या पलटणी. अमेरिकेच्या बाजूला जनरल मॅकूम यांच्याकडे थोडेसे नियमित शिपाई आणि आजूबाजूच्या गावांतून बंदुका घेऊन आलेले शेतकरी. मिलर किल्ल्यात होता. तोफगोळे गारांसारखे पडत होते. एक गोळा त्याच्यापासून दोन फुटांवर फुटला. त्याची तीन माणसं जखमी झाली, एक गेला, आणि मिलरला ओरखडाही आला नाही. सरोवरावर अमेरिकेच्या मॅकडोना यांनी इंग्रजांचं आरमार हरवलं, तसा त्यांचा सेनापती प्रिव्हॉ सगळी फौज घेऊन माघारी वळला. दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी मिलर पत्र लिहायला बसला. सुरुवात अशी: 'संपलं. झालं.' इंग्रजांच्या आरमाराने अमेरिकेच्या झेंड्यापुढे निशाण उतरवलं, हे तो धापा टाकत सांगतो.

आता हा माणूस कोण होता ते लक्षात घ्या. देव माणसांच्या व्यवहारात हात घालत नाही, असं तो चारचौघांत मांडत आला होता. शिपाई म्हणून त्याला दोन्ही बाजूंचा हिशेब ठाऊक होता, आणि त्या हिशेबात हा विजय बसत नव्हता. त्यात १८१२ साली वडील गेले होते, आणि पलटणीत असताना मित्र गेला. त्यानंतर ल्यूसीला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की थोड्याच काळात मीही त्याच्यासारखाच नसेन. मरणानंतर काहीच नाही, हे मत पौल्टनीच्या बैठकीत ठीक होतं. तंबूत, मेलेल्या सोबत्याचं सामान आवरताना ते पेलेना. युद्धावरून परतलेल्या माणसाचं धर्मांतर नीट वाचायचं असेल तर इथून वाचा.

१८१५ साली तो लो हॅम्प्टनला परतला. आईच्या घरावरचं कर्ज फेडलं. जवळच दोनशे एकरांची शेती घेतली, घर बांधलं. ते घर अजून उभं आहे, जतन केलेलं आहे. आईसाठी म्हणून तो रविवारी बाप्टिस्ट मंडळीत जाऊ लागला. पाळक नसतील त्या रविवारी मात्र गैरहजर. आईने कारण विचारलं तर म्हणाला, डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, छापील प्रवचन वाचतात ते फार वाईट वाचतात. तर मंडळीने काय करावं? वाचायला त्यालाच उभं केलं! विश्वास न ठेवणारा माणूस विश्वासाची प्रवचनं वाचून दाखवू लागला, आणि निवड डीकनांची. सप्टेंबर १८१६मध्ये असंच वाचता वाचता त्याचा कंठ दाटला. पुढचा शब्द निघेना. तो खाली बसला. थोड्याच दिवसांत त्याने ख्रिस्ताला आपला तारणारा मानलं.

जुने मित्र आता त्यालाच चिडवू लागले, त्यानेच पूर्वी वापरलेले प्रश्न घेऊन. पवित्र शास्त्रातल्या विसंगतींचं काय? मिलरने सांगितलं, मला वेळ द्या, मी उत्तर शोधतो. आणि शोधायला बसला तो शेतकऱ्यासारखा. उत्पत्तीच्या पहिल्या वचनापासून सुरुवात. जवळ फक्त शास्त्र आणि क्रूडनची शब्दसूची, म्हणजे कोणता शब्द शास्त्रात कुठे येतो ते सांगणारं पुस्तक. एक वचन कळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. कठीण शब्द आला की तो शब्द शास्त्रात जिथे जिथे आहे ती सगळी वचनं काढून ताडून बघायची. नांगराचा तास न मोडता वावर पुरं करावं तसं दोन वर्षं चाललं.

याच वाचनात तो दानीएलाच्या आठव्या अध्यायातल्या चौदाव्या वचनावर आला. दोन हजार तीनशे दिवस, आणि मग पवित्रस्थान शुद्ध होईल, अशा अर्थाचं ते वचन. गणना आणि यहेज्केल या पुस्तकांत एका दिवसाला एक वर्ष धरलेलं आहे. तो नियम त्याने इथे लावला. सुरुवात कुठून धरायची? यरुशलेमबद्दलच्या इराणच्या अर्तहशश्त राजाच्या हुकमापासून, म्हणजे इसवी सनापूर्वी ४५७पासून. फळ्यावर मी २३०० लिहितो, खाली ४५७ लिहून वजा करायला सांगतो. १८४३ येतं. मग मुलांना थांबवतो आणि विचारतो, इसवी सनापूर्वी १ आणि इसवी सन १ यांच्या मध्ये शून्य साल कुठे आहे? नाहीच. म्हणजे ४५७च्या मधूनच मोजायला लागलं तर २३०० वर्षं १८४४मध्ये पुरी होतात. हा हिशेब मिलरच्या लोकांच्याही नंतर ध्यानात आला. पवित्रस्थान म्हणजे ही पृथ्वी आणि शुद्धी म्हणजे प्रभू परत येतो तेव्हाचा अग्नी, असा त्याने अर्थ घेतला. खरी खोट वजाबाकीत नव्हती. या अर्थात आणि दिवसाचं वर्ष धरण्यात होती.

१८१८ साली हा निष्कर्ष त्याच्या हातात आला: सुमारे पंचवीस वर्षांत सगळं संपणार. आणि मग त्याने काय केलं? काहीही नाही. तो गप्प राहिला. पुन्हा पुन्हा तपासत राहिला, स्वतःच स्वतःवर आक्षेप काढत राहिला, शेती करत राहिला. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं असेल तेवढंच. व्यासपीठावर जायला त्याला तेरा वर्षं लागली. ढोंगी माणूस तेरा वर्षं थांबत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे एवढं एकच उत्तर आहे, आणि मला ते पुरेसं वाटतं.

ऑगस्ट १८३१मध्ये एका शनिवारी 'जाऊन जगाला सांग' ही टोचणी फारच असह्य झाली. त्याने देवाशी करार केला: कुणी आपणहून बोलवायला आलं तर जाईन. खुर्चीत निवांत टेकला, कारण बोलावणार कोण? अर्ध्या तासात दार वाजलं. सोळाएक मैलांवरच्या ड्रेस्डेनहून त्याच्या बहिणीचा मुलगा आला होता. उद्या आमच्याकडे पाळक नाहीत, मामाने येऊन शास्त्रावर बोलावं असा निरोप. पोराला उत्तरही न देता मिलर ताडकन उठला आणि घराशेजारच्या मेपलच्या राईत गेला. स्वतःवर चिडलेला होता. एवढा करार कशाला केला! त्याच्या लहान मुलीने हे पाहिलं आणि आईकडे धावत जाऊन सांगितलं की बाबांना काहीतरी झालंय. राईतून तो बाहेर आला तेव्हा जायचं ठरलं होतं. वय एकोणपन्नास.

योगायोग म्हणून नोंदवतो: त्याच १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला काम सुरू केलं. मिलरला आईच्या धर्माकडे परत नेणारी धर्मजागृतीची लाट आणि आपल्याकडे ते मिशनरी पाठवणारी लाट एकाच न्यू इंग्लंडमधली, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातली होती. आपल्या नगरकडच्या कितीतरी ख्रिस्ती घरांचं मूळ त्या लाटेत आहे. त्यामुळे मिलर आपल्याला वाटतो तेवढा परका नाही.

पुढची बारा वर्षं मी झरझर सांगतो, कारण पुस्तकांत तीच जास्त असतात. १८३३मध्ये बाप्टिस्टांनी त्याला उपदेश करायचा परवाना दिला. तो वहीत नोंद ठेवायचा. ऑक्टोबर १८३४ ते जून १८३९ एवढ्यातच आठशे व्याख्यानं भरतात. शेत मुलांवर सोडलं, प्रवासाला घरचे पैसे घातले. हात कापायचे, अंगावर विसर्प (त्वचा लाल होऊन सुजण्याचा रोग) आणि गळवं उठायची, तरी बोलावणं आलं की निघायचा. १८३९च्या अखेरीस बोस्टनचा जोशुआ हाइम्स हा पाळक भेटला आणि चित्र पालटलं. वृत्तपत्र निघालं, भिंतीवर टांगायचे तक्ते छापले गेले, हजारो माणसं मावतील असा तंबू आला. गावोगाव फिरणारा वयस्कर शेतकरी एका चळवळीचा धनी झाला. मानणाऱ्यांचा आकडा पन्नास हजार ते लाख असा सांगतात.

इथे एक गोष्ट तुम्ही रविवारच्या प्रवचनात मिलरबद्दल बोलाल तेव्हा नीट सांगा, कारण नव्वद टक्के प्रवचनांत ती चुकते. मिलर स्वतः अनेक वर्षं 'सुमारे १८४३' एवढंच म्हणत होता. फार आग्रह झाला तेव्हा २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ हे यहूदी वर्ष म्हणून सांगितलं. ते टळल्यावर त्याने आपली चूक जाहीरपणे कबूल केली. २२ ऑक्टोबर १८४४ ही नेमकी तारीख चळवळीतल्याच सॅम्युएल स्नो याने काढली, लेवीय पुस्तकातल्या सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवसावरून, आणि ऑगस्टमधल्या एक्झीटरच्या शिबिरानंतर ती वणव्यासारखी पसरली. मिलरने ती धरली ती अगदी शेवटी, ६ ऑक्टोबरला, दोन आठवडे उरले असताना. त्याला तारीख नको होती. पण लोकांचा पश्चात्ताप, उधारी फेडणं, भांडणं मिटवणं हे बघून तो म्हणाला की यात देवाचा हात दिसतो. माझ्या मते त्याची सगळ्यात मोठी चूक हीच. हिशेबाची चूक त्याने एकट्याने, रात्ररात्र जागून केली होती. ही चूक त्याने गर्दीकडे बघून केली.

त्या शरद ऋतूत न्यू इंग्लंडमधल्या काही शेतकऱ्यांनी पीक काढलंच नाही. न्यू हॅम्पशरमधल्या लेनर्ड हेस्टिंग्जचे बटाटे तसेच जमिनीत राहिले. शेजाऱ्यांनी सांगितलं, आम्ही काढून देतो. तो म्हणाला, नको, माझं शेतच माझ्या विश्वासाचं प्रवचन करू दे. त्या वर्षी बटाट्यावर कुजव्याची साथ होती आणि लवकर काढलेले बटाटे तळघरांत सडले. हेस्टिंग्जचे नोव्हेंबरात काढलेले चांगले निघाले, आणि वसंतात शेजारी तेच बियाण्याला घेऊन गेले. शेतकऱ्याने उभं पीक सोडणं म्हणजे काय असतं हे तुमच्या मंडळीला वेगळं सांगायला नको. पांढरे झगे घालून डोंगरावर आणि छपरांवर चढून बसल्याच्या कथा मात्र गाळा. त्याला धड पुरावा नाही. विरोधकांच्या वृत्तपत्रांनी त्या रंगवल्या आणि लोकांना त्या आवडल्या.

लो हॅम्प्टनला मिलरच्या घरामागे मेपलच्या झाडांत जमिनीतून वर आलेला सपाट खडक आहे. त्या दिवशी तो आणि त्याची माणसं तिथे जमून वाट बघत होती असं सांगतात. मी एकदा ऑक्टोबरात तिथे गेलो होतो. खडकावर पिवळी-तांबडी पानं पडली होती आणि समोर सखल शेतं दिसत होती. मी तासभर तिथे बसलो. हा माणूस तेव्हा बासष्ट वर्षांचा होता, अंगाने थकलेला. अंधार पडल्यावर खडकावरून खाली घराकडे जाणारं ते थोडंसं अंतर त्याने कसं चाललं असेल, हा विचार तिथून उठेपर्यंत माझ्या डोक्यातून गेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून हेटाळणी सुरू झाली. रस्त्यावरची पोरंसुद्धा 'अजून वर गेला नाहीत?' म्हणून ओरडायची. १० नोव्हेंबरला मिलरने हाइम्सला पत्र लिहिलं. दोनदा निराश झालो तरी खचलो नाही, असं सांगून तो म्हणतो की मी आता दुसरी वेळ मनात पक्की केली आहे आणि देव अधिक प्रकाश देईपर्यंत तिच्यावरच उभा राहीन: ती म्हणजे आज, आज आणि आज, तो येईपर्यंत. १८४५च्या सुरुवातीला लो हॅम्प्टनच्या बाप्टिस्ट मंडळीने त्याला काढलं, ज्या मंडळीत वाचता वाचता त्याचा कंठ दाटला होता तिनेच. त्याच वर्षी त्याने आपली बाजू छापली. तीत पळवाट नाही. आपली चूक आणि आपली निराशा तो सरळ शब्दांत मान्य करतो. तुमचा दुसरा प्रश्न, डोक्याने फिरलेला होता का, त्याला हा छापील कबुलीजबाब हेच उत्तर आहे.

नंतर त्याच्या लोकांत फाटे फुटले. त्यातल्याच एका गटातून १८६३ साली शनिवार हा विसाव्याचा दिवस पाळणारी सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी संघटित झाली. पुण्यात औंध रस्त्यावरचं स्पायसर विद्यापीठ त्यांचंच. म्हणून अनेकांना वाटतं की मिलर ॲडव्हेंटिस्ट होता आणि शनिवार पाळायचा. तो शनिवार पाळत नव्हता. त्याने ते मत कधी स्वीकारलं नाही.

१८४८मध्ये त्याने घराजवळच आपल्या जमिनीवर छोटंसं उपासनामंदिर बांधलं, कारण काढून टाकल्यावर बसायला जागा हवी होती. तेही अजून आहे. त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्याची नजर गेली. अक्षर दिसेना, वाचता येईना. राळेच्या गाठींच्या उजेडात वाचलेल्या माणसाच्या बाबतीत हे झालं! त्यावर त्याने लिहवून पाठवलेलं पत्र आहे: बाहेरची दृष्टी अंधारली तरी येशूला लवकर बघण्याच्या आशेने आतली दृष्टी उजळलेली आहे.

डिसेंबर १८४९मध्ये तो अंथरुणाला खिळला. हाइम्स बोस्टनहून धावत आला. डोळ्यांनी ओळखू येत नव्हतं. आवाज ऐकून मिलरने विचारलं, हे हाइम्सच ना? मग त्याचा हात धरून ठेवला. शेवटच्या दिवसांत तो भजनांच्या ओळी पुटपुटायचा. तिथे जायची ओढ लागली आहे, असं म्हणायचा. २० डिसेंबर १८४९ रोजी दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी तो गेला. वय सदुसष्ट. ल्यूसी जवळ होती.

घरापासून थोड्या अंतरावर लो हॅम्प्टनच्या दफनभूमीत त्याला पुरलं. दगडावर दानीएलाचीच दोन वचनं कोरली आहेत. एक, नेमलेल्या वेळी अंत होईल, या अर्थाचं. ज्यांनी ते निवडलं त्यांना लोक पुन्हा हसतील हे कळत असणारच, तरी त्यांनी ते बदललं नाही. दुसरं दानीएलाच्या पुस्तकातलं अगदी शेवटचं: अंत होईपर्यंत तू आपल्या वाटेने जा, तू विसावा घेशील आणि दिवसांच्या शेवटी आपल्या वाट्याला उभा राहशील. रविवारी मिलरचं नाव घ्याल तेव्हा हे वचन मंडळीला काढायला सांगा आणि सावकाश वाचा. 'वाटा' म्हणजे काय ते तुमच्याकडच्या शेतकऱ्यांना समजावून सांगावं लागणार नाही.